रस नको, नुसता बर्फ

सीएसएमटीच्या जवळचा एक रसवाला माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर त्या संध्याकाळी काही केल्या डोक्यातून जाईना. मे महिना, ऑफिस सुटलेलं, ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि मी त्याला म्हटलं, "दादा, रस नको, नुसता बर्फ द्या." चरक फिरायचा थांबला, घुंगरू थांबले. त्यानं गोणपाट बाजूला सारलं, लादीवर दांडा हाणला, ग्लासभर चुरा माझ्यापुढे ठेवला आणि पैसे घेईना. "बर्फाचे कसले पैसे, ताई!" मी तिथंच उभी राहून तो कडाकडा फोडून खाल्ला. दाढांखालचा तो आवाज, हिरड्यांत चढत जाणारी कळ, आणि त्या सगळ्यावर पसरलेलं समाधान. कित्येक महिन्यांत कुठल्याही पदार्थानं मला असं समाधान दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाय आपोआप तिकडे वळले. त्यानं काही विचारलं नाही, ग्लास भरला. मला तेच जास्त लागलं. या माणसाच्या लेखी मी आता 'बर्फवाली बाई' झाले होते.

गाडीत बसल्यावर वाटलं, हे चाललंय काय? मला तर भूकच लागत नाही. चार वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन, झालं तेव्हापासून भूक म्हणावी अशी भूक उरलेली नाही. पूर्वीची चांगली आठवते. घाटकोपर गेलं की नाकात वड्याचा वास शिरायचा, मुलुंड येईपर्यंत दोन वडापाव मनातल्या मनात खाऊन झालेले असायचे आणि उतरल्यावर पुन्हा खरे. पोटात आधी एक ओढ, मग चिडचिड, मग डोकं चढायचं. आता दुपारचा एक वाजतो, दोन वाजतात, शरीर काही सांगत नाही. मोबाइलमध्ये गजर लावलाय. गजर वाजला की डबा उघडायचा. ज्या बाईला जेवणाची आठवण गजरानं करून द्यावी लागते, ती बर्फासाठी वाट वाकडी करते, हे मला पचत नव्हतं.

ऑपरेशन म्हटलं की लोकांना वाटतं चरबी काढली. आत्यानं तर सरळ विचारलं होतं, "त्या इजिप्तच्या बाईचं केलं तेच का गं?" 2017 साली मालवाहू विमानातून मुंबईत आणलेल्या त्या बाईच्या बातम्या तेव्हा घरोघरी चघळल्या जात होत्या, त्यामुळे वजनाचं ऑपरेशन म्हणजे क्रेन आणि स्ट्रेचर एवढंच चित्र आत्याच्या डोळ्यांपुढे होतं. माझ्या पोटावर मात्र चार-पाच बारीक व्रण आहेत, डास चावल्यासारखे. आत जे झालंय ते मोठं आहे. जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीलिटरची पिशवी वेगळी केली आणि लहान आतडं पुढे कापून थेट तिला जोडलं. बाकीचं जठर आणि त्याला लागून असलेलं वीतभर ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, जागच्या जागी आहे, पण अन्न तिकडे फिरकत नाही. तिकडचे पाचकरस खाली उतरून पुढे अन्नाला गाठतात. या जोडाला सेझार रू नावाच्या स्विस सर्जनचं नाव आहे. वजनासाठी जठराची बायपास करायची कल्पना मात्र अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांची, 1966 सालची. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला होता त्या बायका नंतर वजन धरत नाहीत, हे त्यांनी हेरलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. कुणाच्या तरी दुखण्यातून आपली साडी सैल व्हायची होती.

शेजारच्या खाटेवर नालासोपाऱ्याच्या एक बाई होत्या, त्यांची स्लीव्ह. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढूनच टाकतात, एक अरुंद नळी शिल्लक राहते. भुकेची हाक देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. हे संप्रेरक सापडलं 1999 मध्ये, जपानी संशोधकांना. म्हणजे वर्षानुवर्षं डॉक्टर, शेजारणी आणि सासरची मंडळी ज्याला 'जिभेवर ताबा नाही' म्हणत होती, त्यातला निदान काही भाग पोटातल्या एका कोपऱ्यात तयार होत होता. त्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मग मला इतकी वर्षं शिव्या कशाला घातल्या?"

पहिले दिवस औषधाच्या छोट्या पेल्यांचे. एक पेला पाणी पंधरा मिनिटांत, घोटघोट करून. घाई केली की छातीच्या मधोमध दगड बसायचा. घरी आल्यावर सासूबाईंनी वरणाचं पाणी फडक्यातून गाळलं, मुगाचं कढण केलं, टोमॅटोचं सार केलं, सगळं बिनफोडणीचं. फोडणी न देता स्वयंपाक करायची त्यांना लाज वाटत होती. ओट्याजवळ उभ्या राहून म्हणायच्या, "हे काय खाणं आहे? आजाऱ्याचं आहे!" दोनेक आठवडे पातळ, मग घुसळलेलं, मग मऊ, मग हळूहळू घरचं. मऊ खायच्या दिवसांत मी ओल्या बोंबलांवर जगले, हळद-मीठ लावून नुसते उकडलेले. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी त्यावरही पाणी ओतलं. बोंबील घशाखाली उतरतो सुरेख, पण त्यात पाणीच फार, प्रथिनांसाठी बांगडा घ्या म्हणाल्या. मुलुंडच्या बाजारातली माझी कोळीण, जिच्याकडून मी वर्षानुवर्षं सुरमईच्या जाड तुकड्या घेत आले, तिनं एक बांगडा तोलताना मान वर करून विचारलं, "घरात भांडण झालं काय गो?"

दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं. ऐकायला आकडा साधा वाटतो. आपल्या ओट्यापाशी उभं राहून तो जुळवायला गेलं की घाम फुटतो. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच, आणि पोट एका वेळी अर्धी वाटी घेऊन हात वर करतं. त्यामुळे ताटाचा क्रम उलटा झाला. आधी पनीर, अंडं, मासा किंवा मटकीची उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा चतकोर. भातापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. ज्या घरात 'साधं वरण-भात-तूप तरी खा' हे प्रेमाचं शेवटचं वाक्य असतं, त्या घरात भात शेवटी ठेवणं म्हणजे उद्धटपणा. चतुर्थीचे उपास बंद झाले ते बरंच झालं म्हणा. साबुदाण्याची खिचडी म्हणजे त्या एवढ्याशा पिशवीत प्रथिनांची जागा अडवून बसलेला चिकट पाहुणा. देवाला चालेल, असं सासूबाईंनी स्वतःहून जाहीर केलं. माझ्यासाठी त्यांनी मोडलेला हा पहिला नियम, आणि तो कुणी सांगितलं म्हणून मोडलेला नव्हता.

मोदकाचं सांगायला हवं. पहिल्या गणपतीला नैवेद्य झाला, केळीच्या पानावर तुपाची धार सोडलेला उकडीचा मोदक समोर आला, आणि एकानं काय होतंय असं घरातले सगळेच म्हणाले. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. कानशिलं तापली, तळव्यांना घाम, पोटात पीळ, आणि 'आत्ताच्या आत्ता आडवं व्हायचंय' एवढी एकच जाणीव. बाहेर आरती चाललेली, टाळ वाजताहेत, मी आतल्या खोलीत फरशीवर पडलेली. याला डंपिंग म्हणतात. एरवी जठराच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. आता ती वाटच टाळलेली, त्यामुळे गूळ-साखर एकदम आतड्यात पडते, आणि ती पातळ करायला शरीर आजूबाजूचं पाणी तिकडे ओढून घेतं. याचा एक धाकटा भाऊ आहे, तो तासा-दोन तासांनी येतो. साखर झपाट्यानं चढली म्हणून इन्सुलिन जास्तीचं सुटतं आणि मग साखर धाडकन खाली. तो मला एकदा भांडुपच्या आसपास गाडीत गाठून गेला. हात थरथरायला लागले, समोरच्या बाईचं बोलणं लांबून ऐकू यायला लागलं. तिनं मला खिडकीशी बसवलं आणि पर्समधलं बिस्किट दिलं. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. नालासोपाऱ्याच्या बाई श्रीखंड खातात आणि ठणठणीत असतात, याचा मला अजून थोडा राग आहे.

खरं सांगायचं तर मोदक गेला याचं दुःख मला वाटतं तेवढं झालं नाही.

दुःख झालं ते आग्रहाचं. लग्नाच्या पंगतीत वाढणारा समोर आला की मी हात आडवा धरते, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला दर वेळी दिसतं. पूर्वी मी आग्रहाला 'नको नको' म्हणत पान पुढे करणारी. आपल्याकडे जाड बाईनं कमी खाल्लं तर लोकांना बरं वाटतं, बारीक बाईनं कमी खाल्लं तर अपमान वाटतो. मी चार वर्षांत दोन्हीकडे बसून आले आहे. पूर्वी लोकलमध्ये तिघींच्या बाकावर मी 'चौथी' म्हणून जवळ गेले की आधीच्या तिघी एकमेकींकडे बघायच्या आणि सरकत नसत. आता कुणीतरी स्वतःहून म्हणतं, "या, बसा ना, होईल." बाक तोच, गर्दीही तीच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी बसले, आणि कुर्ल्यापर्यंत मला रडू आवरत नव्हतं. ते आनंदाचं होतं की त्या जुन्या बाईसाठी होतं, हे तेव्हाही कळलं नाही.

पोटाच्या बाकीच्या कुरबुरी कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. जेवण झाल्यावर आतडी इतक्या मोठ्यानं बोलतात की मीटिंगमध्ये मी मुद्दाम कागद चाळत बसते. गॅसचा वास असा की स्वतःच्या देहाची लाज वाटावी. दुधाचा चहा कधी चालतो, कधी ढवळून काढतो. आधी बद्धकोष्ठ, मग एखादी तळलेली गोष्ट जास्त झाली की दुसऱ्या टोकाचा कारभार. मुंबईत बाईनं घराबाहेर असताना पोट बिघडणं म्हणजे काय, हे इथं समजावून सांगायची गरज नाही. कुठल्या स्टेशनवरचं स्वच्छतागृह उघडं असतं, कुठल्या दुकानात मालकीण ओळखीची आहे, याचा नकाशा माझ्या डोक्यात पक्का आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गेले, फणीभर, न्हाणीच्या जाळीवर पुंजके. आत्यानं माक्याचं तेल पाठवलं. केस वजन उतरण्याच्या धक्क्यानं गळतात आणि पोटात पुरेसं गेलं की परत येतात, तसे आलेही. पण श्रेय आत्याच्या तेलाला गेलं, आणि मी ते जाऊ दिलं.

गोळ्यांचा एक डबा आहे, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला. मल्टिव्हिटॅमिन, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह. यांचीही आपापसांत भांडणं. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोघांत दोन तासांचं अंतर. कॅल्शियम घ्यायचं ते सिट्रेट, कारण कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं आणि माझ्या त्या पिशवीत आम्ल नावापुरतं. आमच्याकडचा औषधवाला दर वेळी "मॅडम, कॅल्शियम ते कॅल्शियम, हे स्वस्त आहे" म्हणून दुसरीच पट्टी पुढे करतो. पाळीत पोट दुखलं तरी हाताला येईल ती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो. बी12चं इंजेक्शन महिन्यातून एकदा, लाल रंगाचं. अन्नातलं बी12 सोडवायला आम्ल आणि ते पुढे धरून ठेवायला जठरातून येणारं एक प्रथिन लागतं, आणि माझं बहुतेक जठर आता अन्नाच्या वाटेवरच नाही. त्यात यकृताकडे जुना साठा असतो, म्हणून एक-दोन वर्षं सगळं छान चाललंय असं वाटतं आणि मग एके दिवशी तळपायांना मुंग्या येतात. नालासोपाऱ्याच्या बाईंना त्या आल्या. बारीक झालो, आता कशाला, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. रोज सकाळी तो डबा उघडताना माझ्याही मनात हेच येतं.

बर्फाचा उलगडा केला तो ऑफिसच्या पँट्रीतल्या मावशींनी. फ्रीजमधले ट्रे रोज रिकामे का होतात याच्या शोधात त्या होत्या. मला पेल्यासकट पकडलं आणि म्हणाल्या, "आमच्या गावाकडं पोटुशी बाय भाजकी माती खाती. अंगात रगत नसलं की असं कायबाय खावंसं वाटतं. तुम्ही बर्फ खाताय, डॉक्टरला दावा." मावशी साताऱ्याकडच्या, शाळा चौथीपर्यंत. आठवड्याभरात रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन घसरलेलं आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन एक आकडी. मी गोळी रोज घेत होते. पण पाळी अजून चालू, दर महिन्याला जायचं ते जातंच, आणि लोह जिथं मुख्यतः शोषलं जातं ते ड्युओडेनम आता आडवाटेला. माझ्या आतड्यातली गाडी फास्ट आहे, लोहाचं स्टेशन तिला लागतच नाही. डॉक्टर म्हणाले, बर्फ चघळावासा वाटणं हे लोह कमी झाल्याचं नेहमीचं लक्षण. त्यांनी ते मावशींच्या मानानं बऱ्याच लांबलचक शब्दांत सांगितलं.

मग लोह शिरेतून. गडद तपकिरी रंगाची बाटली, नळीतून थेंब थेंब. शेजारच्या खुर्चीवर डायलिसिसचे एक काका होते, त्यांनाही तेच लावलेलं. ते मला म्हणाले, "आपण दोघं आता लोखंडी." तोंडात धातूची चव आली आणि हात गार पडला, बाकी काही नाही. काही दिवसांनी ऑफिस सुटल्यावर रसवंतीच्या समोरून गेले आणि स्टेशनात शिरल्यावर लक्षात आलं, आज थांबले नाही. इच्छा मारली असं नाही, इच्छाच नव्हती. इतक्या महिन्यांची ओढ पुसल्यासारखी गेली आणि मला उगाच वाईट वाटलं. कारण भूक गेल्यापासून मला 'हवं' असं वाटलेली ती एकच गोष्ट होती, आणि तीही आजार निघाली. शरीर अजून सांगत असतं, पण पूर्वीच्या जागेवरून सांगत नाही. पोट गप्प बसलं तर दात बोलतात, तळपाय बोलतात, न्हाणीची जाळी बोलते. ते ऐकायचं काम पूर्वी कुणाचं नव्हतं, आता माझं आहे, आणि त्याला रजा नाही. मधुमेह गेला, गुडघे शांत झाले, रात्री घोरणं थांबलं. हे सगळं पुन्हा निवडायला सांगितलं तर मी पुन्हा निवडेन. पण कुणी "किती किलो गेलं?" विचारलं की आकडा सांगताना मला आतून थोडं खोटं वाटतं. त्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच संपलंय, आणि ज्याचं संपलेलं नाही ते कुणी विचारत नाही.

परवा ऑफिसातल्या एकीच्या भाचीचा फोन आला. डोंबिवलीची पोर, पंचविशीतली, पुढच्या महिन्यात तिची बायपास ठरली आहे. 2025 मध्ये ती वजनाची नवी इंजेक्शनं आपल्याकडे आली, ती तिनं घेऊन पाहिली होती, तिला मानवली नाहीत. वही घेऊनच बसली होती बहुतेक, कागदाचा आवाज येत होता. मी तिला सगळं सांगितलं. दर सहा महिन्यांनी, मग वर्षानं रक्त तपासायचं, आणि त्यात फेरिटिन वेगळं लिहून घ्यायचं, नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानायचं नाही. उलट्या सारख्या होत राहिल्या तर घरी ताक पीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण बी1 संपलं तर मेंदूवर येतं. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पहिल्या काही महिन्यांसाठी गोळी देतात, ती मधेच सोडायची नाही. तिनं विचारलं, "ताई, विम्यातून हे सगळं मिळतं ना?" मी म्हटलं, तुझ्या पॉलिसीत असेल तर ऑपरेशन मिळेल. गोळ्या, पावडर, इंजेक्शनं आपली आपण, जन्मभर. पलीकडे बराच वेळ पेन चाललं. ती महिन्याचा खर्च मांडत होती.

मग एकदम आवाज बारीक करून म्हणाली, "एक विचारू? हसणार नाही ना? पाणीपुरी?"

मी म्हटलं, खाशील की, वर्षभरानं, दोन-तीन. फक्त खाणं आणि पिणं एकत्र करायचं नाही, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा.

"म्हणजे पुरी आत्ता आणि पाणी अर्ध्या तासानं?"

"हो."

"भय्या मारेल मला," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई आतून विचारायला आल्या, कुणाचा फोन आहे.